कमी पैशात मोठा ट्रॅव्हल

“ताई, दीड लाखापर्यंत जमवतो. १६० मिलिमीटरची फुल सस्पेन्शन घ्यायची आहे. कोणती घेऊ?” फुल सस्पेन्शन म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकर असलेली डोंगरी सायकल, आणि १६० हा तिचा ‘ट्रॅव्हल’; त्याचा अर्थ पुढे सांगते. हा प्रश्न मला पुण्याच्या वेताळ टेकडीवर विचारला जातो, कंपनीच्या पार्किंगमध्ये विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. दोन-तीन वर्षं हार्डटेलवर (फक्त पुढे शॉकर असलेल्या सायकलीवर) काढलेली असतात, उतारावर हात बसलेला असतो, आणि आजवर जिथे उतरून सायकल हातात धरावी लागली तिथून आता न उतरता खाली यायचं असतं. ही ओढ मला चांगली कळते, म्हणून उभ्या उभ्या दोन वाक्यांत वाटेला लावण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. दीड लाखात एवढ्या ट्रॅव्हलची नवी सायकल शोधू नका. २०१८ नंतरची, नावाजलेल्या कंपनीची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची वापरलेली सायकल घ्या. ती सव्वा लाखाच्या आत बसवा आणि उरलेले पैसे तिची सर्व्हिस, ब्रेक आणि टायर यांच्यासाठी राखून ठेवा. आणि १६० च हवा का, हे एकदा स्वतःला विचारा. पुण्यात राहून पुण्यातच चालवणार असाल तर १४०-१५० ची सायकल बहुतेकांना जास्त मानवते.

ट्रॅव्हल म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकतं ते अंतर. क्रॉस-कंट्रीच्या सायकलीला १०० ते १२० मिमी, ट्रेलच्या सायकलीला साधारण १२० ते १५०, एंड्युरोला (लांब, अवघड उतारांसाठीच्या सायकलीला) १५० ते १८०, आणि निव्वळ डाउनहिलच्या सायकलीला २०० च्या आसपास. आकडा मोठा म्हणजे सायकल चांगली, असा समज इथूनच सुरू होतो. बाजारात दहा-पंधरा हजारांनाही मागे-पुढे शॉकर असलेली सायकल मिळते. तिच्या मधोमध जी जाडजूड स्प्रिंग दिसते, ती बहुतेक वेळा नुसतीच स्प्रिंग असते, आत डॅम्पर नसतो. दाबलेली स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि सुटली की जवळजवळ तेवढीच परत देते. डॅम्परमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांमधून ढकललं जातं, ऊर्जेची उष्णता होते आणि चाक सावकाश जागेवर येतं. डॅम्पर नसेल तर मोठ्या दगडावरून उतरताना मागचं चाक तुम्हाला सीटसकट पुढे फेकतं, आणि ट्रॅव्हल जितका जास्त तितकी ही फेक मोठी. म्हणजे ताब्यात नसलेला १६० मिमी ट्रॅव्हल हा ताब्यात असलेल्या १२० पेक्षा धोक्याचा आहे. पैसे कमी असताना सगळी निवड या एका गोष्टीवर फिरते.

दुकानात किंवा कुणाच्या घरी पाहायला गेलात की फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकरच्या) खाली आणि शॉकवर (मागच्या शॉकरवर) लाल नॉब शोधा. रॉकशॉक्स आणि फॉक्स या सस्पेन्शन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या रिबाउंडला, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत येण्याच्या वेगाच्या नॉबला, लाल रंग देतात. तो पूर्ण एका बाजूला फिरवून सीट जोरात दाबा आणि सोडा, मग दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा तसंच करा. परत येण्याच्या वेगात स्पष्ट फरक दिसला पाहिजे. दिसला नाही तर डॅम्पर तरी गेलाय किंवा तो मुळातच नव्हता.

नव्या सायकलींचं गणित सरळ आहे. दीड लाखाच्या आसपास नव्या फुल सस्पेन्शन आहेत, पण त्या बहुतेक १२० ते १४० मिमीच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा मिळाला. तरी या वर्गातल्या सायकली बाहेरून येतात, आयात शुल्क भरून येतात, आणि १६० मिमीचं दणकट फोर्क, पिगीबॅकवाला (तेलाची जोडटाकी असलेला) शॉक, चार पिस्टनचे ब्रेक एवढं सगळं दीड लाखात कुणीच देऊ शकत नाही. ज्याला नवीच हवी, बिल आणि वॉरंटी हवी, त्यानं या पैशात १३० ची चांगली ट्रेल सायकल घ्यावी. तो निर्णय अजिबात कमीपणाचा नाही.

कारण आपली जमीन बघा. वेताळ टेकडी, पाषाणची टेकडी, तळजाई, कात्रज ते सिंहगडची डोंगररांग: सगळीकडे बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर पसरलेला सुटा मुरूम. उतार छोटे, वळणं अरुंद, आणि खाली आलात की पुन्हा स्वतःच्या पायांनी वर. इथे लिफ्ट नाही. सिंहगडाला गाडीरस्ता आहे म्हणून सायकल जीपमध्ये टाकून वर नेता येते, पण दर आठवड्याला ते कोण करणार? पायथ्यापासून सहाशे मीटरच्या आसपास चढ, आणि तो सोळा किलोची सायकल घेऊन, म्हणजे सीटच्या नळीचा कोन फार महत्त्वाचा होतो. तो ७६ अंश किंवा त्याहून उभा असेल तर चढावर तुम्ही पॅडलच्या वर बसता. ७३-७४ असेल तर मागे लोंबकळता आणि पुढचं चाक उचललं जातं. हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन, ६५ च्या जवळपास असला की टेकडीवरच्या आखूड वळणांतही सायकल वळते आणि तीव्र उतारावरही स्थिर राहते. ६३ ची सायकल हिमाचलातल्या लांब, वेगवान उतारांवर सुंदर चालते, पण टेकडीवर तिला हाकावं लागतं. तुम्ही खरोखर दरवर्षी तिकडे जाणार असाल, मोठे ड्रॉप (उंचावरून थेट खाली उड्या) घेत असाल, शर्यतीत उतरणार असाल, तर १६० घ्या, मी अडवणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: १३० ची सायकल घेऊन तिला १६० चं फोर्क लावणं. दर दहा मिमीमागे हेड अँगल साधारण अर्ध्या अंशानं झोपतो, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो तो भाग) वर येतं, सीटचा कोनही मागे जातो, आणि हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) जोडावर ताण वाढतो. मागे जास्त स्ट्रोकचा (जास्त दबणारा) शॉक बसवण्याचाही मोह होतो. पूर्ण दबल्यावर टायर सीटच्या नळीवर आपटला की तो मोह महागात पडतो.

आता वापरलेली सायकल. २०१८ नंतरची का, तर तोपर्यंत मापं स्थिरावली. ‘बूस्ट’ नावाच्या रुंद मापाचे हब (चाकाचा मधला भाग), मागचा १४८ मिमी आणि पुढचा ११०, टेपर्ड (खाली रुंद होणारी) हेडट्यूब, आणि २०१६ मध्ये आलेली शॉकची मेट्रिक मापं. या मापांचा माल आजही मिळतो. त्याआधीची २६ इंची सायकल पन्नास हजारांत मिळते आणि फोटोत भारी दिसते, पण तिच्यासाठी चांगलं फोर्क आणि टायर शोधताना जीव जातो. ज्या सायकलीचा शॉक त्या एकाच मॉडेलसाठी खास बनवलेला आहे, तीही टाळा. कार्बन फ्रेम वाईट नसते, पण आतली भेग घरी बसून दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमची भेग सहसा दिसते. हेडट्यूबच्या मागचे जोड, बॉटम ब्रॅकेटचा भाग, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागाचे) जोड आणि रॉकर लिंक (त्याला शॉकशी जोडणारा दुवा) ओल्या फडक्यानं पुसून, मोबाइलच्या उजेडात पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर हात जोडून परत या.

मग सायकल सीटला धरून हळूच वर उचला आणि सोडा. मागचं चाक जमिनीवर असतानाच ‘टक्’ असा खेळ जाणवला तर शॉकचे बुश किंवा पिव्होटचे (फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे) बेअरिंग गेलेत. हे घाबरण्यासारखं नाही, भाव कमी करण्यासारखं आहे. पिव्होटमध्ये बहुतेक वेळा ६९०२, ६८०० अशा नेहमीच्या क्रमांकांचे बेअरिंग असतात. जुना काढून त्यावरचा नंबर वाचायचा आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जायचं. पूर्ण गोळ्यांनी भरलेले खास पिव्होटचे मिळाले तर उत्तम, कारण इथे बेअरिंग गोल फिरत नाही, थोडंसं मागे-पुढे होतं आणि सगळा भार मोजक्या गोळ्यांवर येतो.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा सीलच्या वाटेत असेल तर तेल गळणारच, आणि त्या नळ्या बदलणं म्हणजे जवळजवळ नवं फोर्क. सर्व्हिस कधी केली ते विचारा. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगतं आणि डॅम्परची साधारण २०० तासांनी. विकणारा “कधी गरजच पडली नाही” म्हणाला तर दोन्ही सर्व्हिसचा खर्च तुमच्या हिशोबात धरा आणि तेवढं त्याला कमी द्या.

पैसे वाचवायची खरी जागा फोर्कच्या नावात आहे. रॉकशॉक्सचं यारी हे त्यांच्याच महागड्या लिरिक फोर्कच्या ३५ मिमी नळ्यांचं, साध्या डॅम्परचं स्वस्त भावंड. आज यारीवर भागवा, वर्ष-दोन वर्षांनी आत ‘चार्जर’ हा वरच्या दर्जाचा डॅम्पर बसवता येतो. मार्झोकीचं नवं झेड-वनही फॉक्स ३६ च्या सांगाड्यावर उभं आहे, कारण २०१५ पासून तो ब्रँड फॉक्सकडे आहे. ही दोन नावं ऐकून जाहिरात पुढे सरकवू नका. मागे हवेचा शॉक घ्या. ५५ किलोच्या माणसालाही पंपानं जुळवता येतो, कॉइल (धातूची स्प्रिंग) घेतली तर वजनाप्रमाणे स्प्रिंग शोधत बसावं लागतं.

ब्रेकवर मी काटकसर करू देत नाही. चार पिस्टनचे कॅलिपर, पुढे किमान २०० मिमीची रोटर (ब्रेकची चकती). शिमानोचे डिओर चार पिस्टनवाले पुरेसे आहेत आणि त्यांत मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून आपल्या पावसाळ्यानंतर ते बदलणं टाळू नका. गिअरचं मात्र एवढं मनावर घेऊ नका. दहा स्पीड असो की बारा, चेन आणि कॅसेट झिजणारी वस्तू आहे.

राखून ठेवलेले पंचवीस-तीस हजार कुठे जातात ते लक्षात आलंच असेल. त्यातले काही ट्यूबलेसवर (ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरवर) घाला. टेकडीवर बाभळीचे काटे इतके आहेत की ट्यूब घालून १६० मिमीची मजा पंक्चर काढण्यात जाईल. सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरा आणि ते वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हलवून पाहा. पावसाळ्यात चिखल झाला की वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाखाली सायकल धरू नका, पाणी थेट पिव्होटमध्ये शिरतं.

सायकल घरी आली की पहिलं काम सॅग, म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते जुळवणं. रोजचे कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी अशा पूर्ण तयारीत बसा. शॉकचा स्ट्रोक ६५ मिमी असेल तर तुमच्या वजनानं तो १९-२० मिमी दबला पाहिजे, म्हणजे ३० टक्के. मागच्या मालकाच्या हवेवर चालवून “सायकल कडक आहे” असं म्हणणारे खूप भेटतात.

आणि टेकडीवर सकाळी आजी-आजोबा चालत असतात, मुलं असतात. वाट आधी त्यांची. आंधळ्या वळणावर वेग सोडा, थांबा, नमस्कार करा. रविवारी सिंहगडच्या पायवाटेवर सायकल नेऊच नका, मोठ्या ट्रॅव्हलची तर मुळीच नाही.

व्यवहार करताना मूळ बिल मागा, फ्रेमखालचा नंबर बिलाशी ताडून पाहा आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र बघा. बिल नसेल तर स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. चोरीची सायकल असली तर ती कुणाच्या तरी वर्षांच्या बचतीची असते. बाहेरगावहून मागवत असाल तर आधी व्हिडिओवर लाल नॉबची परीक्षा करून घ्या. पुण्यातच बघायला जाणार असाल आणि शॉक पंप नसेल तर आदल्या दिवशी कोथरूडला येऊन माझा घेऊन जा.