चित्रकथेचे एक पान आणि त्यामागचे वर्ष

मराठीत स्वतंत्रपणे चित्रकथा करणाऱ्याचा वेळ नेमका कुठे जातो, असे मला पुष्कळदा विचारले जाते आणि ‘चित्रे काढण्यात’ हे उत्तर खरे असले तरी फार अपुरे आहे. मोठ्या प्रकाशनसंस्थेत हे काम वाटून घेतलेले असते. एक जण संहिता लिहितो, दुसरा पेन्सिलीने चौकटी आखून आकृत्या बसवतो, तिसरा शाई फिरवतो, चौथा रंग भरतो, पाचवा संवादाच्या फुग्यांमधली अक्षरे लिहितो. छपाई आणि विक्री पाहणारी माणसे आणखी वेगळी असतात. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’मध्येही संहिता लिहिणारा आणि चित्रे काढणारा बहुधा निराळा असे. (त्या मालिकेतली कितीतरी पुस्तके चितारणारे प्रताप मुळीक पुण्याचे होते, हे इथल्या तरुण चित्रकारांना आवर्जून सांगावेसे वाटते.) स्वतंत्र चित्रकाराच्या बाबतीत ही सगळी कामे एकाच टेबलावर येतात. त्यांचे ओझे आहेच, पण खरी अडचण निराळी आहे. पानाला सलग वेळ लागतो आणि पोटापाण्याची कामे तुकड्यातुकड्यांनी येतात. माझ्या वर्षाची सगळी आखणी या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी केलेली असते.

सध्या मी पानशेतच्या पुरावर चित्रकथा करते आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्यात मुठेचे पाणी नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखाना अशा नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. एवढे वाचून कळते. चित्रकाराला मात्र वाचून न कळणाऱ्या गोष्टी लागतात. लेखक ‘ती घाईघाईने माडीवर गेली’ असे लिहून पुढे जाऊ शकतो. मला तो जिना किती अरुंद होता, कठडा कोणत्या हाताला होता, खालच्या दाराची फळी आत उघडत होती की बाहेर आणि नऊवारीतली बाई गुडघाभर पाण्यात ओचा कसा धरत असेल, हे दाखवावेच लागते. त्यासाठी मी पेठांमध्ये उरलेले वाडे पाहते आणि त्यांची रेखाटने करते, त्या काळच्या छायाचित्रांतल्या दुकानांच्या पाट्यांची वळणे आणि सायकलींच्या मागची कॅरियर पाहून ठेवते, आणि ज्यांनी तो दिवस पाहिला अशा आजी-आजोबांशी बोलते. त्यांच्या बोलण्यात पाण्यापेक्षा नंतरचा चिखल अधिक येतो. घरातली भांडी, धान्य, अंथरुणे, वह्या, सगळ्यांवर बसलेला तो एकच रंग आता माझ्या पुस्तकाचा मुख्य रंग झाला आहे. पुरानंतर गोखलेनगरला विस्थापितांसाठी उभ्या राहिलेल्या निसेन हटची अर्धगोल पत्र्याची छपरे पुस्तकाच्या अखेरच्या भागात येतात. सरळ भिंतींच्या वाड्यातून त्या वाकलेल्या भिंतींच्या खोलीत आलेल्या कुटुंबाने कपाट कुठे टेकवले असेल, या एका प्रश्नावर मी बराच काळ घालवला आहे, आणि तो वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. या शोधकामाचा एक फायदा म्हणजे ते तुकड्यांत होऊ शकते. म्हणून ज्या दिवशी दोन बैठका आणि बँकेचे काम असते, तो दिवस मी त्यासाठी राखते.

पानांचा कच्चा आराखडा मात्र सकाळच्या शांत वेळेखेरीज होत नाही. तळहाताएवढ्या लहान चौकोनात पान मांडून पाहायचे, कुठल्या चौकटीत वाचक रेंगाळेल आणि कुठे त्याने पळत सुटावे हे ठरवायचे, हा या कामाचा गाभा आहे. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात पान उलटल्यावर प्रथम दिसते ते डावे, म्हणजे सम क्रमांकाचे पान. म्हणून लोंढा वाचकाला पहिल्यांदा दिसायचा असेल तर तो सम पानावरच यायला हवा. तो उजव्या पानावर आला, तर शेजारचे शांत पान वाचत असतानाच वाचकाच्या नजरेच्या कोपऱ्यात पाणी येते आणि प्रसंगाचा जोर जातो. एका पानाची अशी जागा ठरवण्यासाठी मागची सहा-सात पाने सरकवावी लागतात.

यानंतर येते ते अक्षरलेखन, आणि मराठी चित्रकथेत सर्वाधिक दुर्लक्षित काम हेच आहे असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी कॉमिकमध्ये फुग्यातली अक्षरे बहुधा मोठ्या लिपीत, सारख्या उंचीची असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसू शकतात. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, तर खाली उकार आणि ऋकार येतात. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडू नये एवढे अंतर ठेवले, की तेवढ्याच मजकुराचा फुगा बराच उंच होतो आणि चित्राची जागा कमी होते. शिवाय आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘धरणाखालच्यांनासुद्धा’ हा शब्द एकसंध आहे, तो मध्येच तोडला तर वाचताना अडखळायला होते आणि न तोडता लंबगोल फुग्याच्या निमुळत्या भागात तो मावत नाही. म्हणून मी संवाद आधी कच्च्या पानावर लिहून फुग्यांची जागा पक्की करते आणि मगच आकृत्या बसवते. चित्र पुरे करून उरलेल्या जागेत संवाद कोंबलेली पाने दुरूनही ओळखू येतात.

संगणकावर अक्षरजुळणी करायची तर अडचणी आणखी आहेत. चित्र काढण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते; ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडावा लागतो. पुण्यातच विकसित झालेली ‘श्री-लिपी’ ही अक्षरजुळणीची प्रणाली अनेक अक्षरजुळणीकार अजून वापरतात. तिच्यातला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणला, की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र एकेक करून तपासावा लागतो. पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी वळणे मूळ ठरवलेली असतात आणि मराठी वळणे मागवून घ्यावी लागतात. हा बारकावा क्षुल्लक आहे असे मला सांगणारे भेटतात, पण शनिवार पेठेतल्या आजीच्या तोंडी दिलेले वाक्य परक्या वळणाच्या श ने छापले, तर मराठी वाचकाला काहीतरी खटकतेच, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो. ध्वनी दाखवणारी अक्षरे तर मी हातानेच लिहिते. चपट्या ब्रशने काढलेला ‘घोंऽऽऽ’ हा लोंढ्याबरोबर वाकतो, अवग्रह वाढत वाढत चौकटीबाहेर जाऊ शकतो. धो धो, खळाळ, घळघळ, सळसळ असे पाण्याच्याच आवाजांचे केवढे धन मराठीत आहे, आणि ते तयार फॉन्टच्या हवाली करावे असे मला वाटत नाही.

शाईकाम मी ए-३ आकाराच्या जाड कागदावर नीब आणि ब्रशने करते. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि रेघ पसरते, म्हणून शाई हिवाळ्यात व उन्हाळ्यात आणि सपाट रंग भरण्याचे संगणकावरचे काम पावसाळी संध्याकाळी, अशी वाटणी आहे. सपाट रंगाला निर्णय कमी लागतात, थकलेल्या डोक्यानेही ते होते.

छपाई हा पुन्हा मन लावून करण्याचा भाग आहे. पुस्तकाची पाने किती, हे कथेइतकेच फर्म्यावर ठरते. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पुस्तक असेल तर १८ बाय २३ इंचांच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पाने बसतात, हाच एक फर्मा, म्हणजे ३२ पानांच्या पुस्तकाला प्रत्येक प्रतीमागे दोन कागद लागतात. ५०० प्रतींना १,००० कागद, अर्थात दोन रिम, अधिक मशीनवर वाया जाणारे वेगळे, आणि मुखपृष्ठाचा जाड कागद निराळा. कथा ३४ पानांची झाली, तर त्या दोन पानांसाठी खर्च भलताच वाढतो. त्यापेक्षा दोन पाने आटवणे किंवा पुढच्या फर्म्यापर्यंत कथा फुलवणे योग्य. रंगीत छपाईत चार रंगांच्या चार वेगळ्या प्लेटा असतात, त्यातल्या फक्त काळ्या प्लेटवर संवादाची अक्षरे ठेवावी लागतात. ती चार रंगांत विभागली गेली आणि एखादी प्लेट केसभर हलली, तरी अक्षराला रंगीत सावली येते. मॅपलिथो कागद शाई पितो, त्यामुळे पडद्यावर ओल्या मातीसारखा दिसणारा माझा तपकिरी रंग कागदावर गडद आणि मेलेला उतरतो, म्हणून फाइलमध्ये तो आधीच फिका करून ठेवावा लागतो. पहिले कागद निघताना मी मशीनजवळ उभी असतेच. ‘ताई, पिवळा जरा वाढवू का?’ असे विचारणाऱ्या मशीनमनकाकांच्या नजरेवर माझा माझ्या मॉनिटरपेक्षा जास्त विश्वास आहे.

आता पोटापाण्याचे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी चित्रकारांचे वर्ष दिवाळीभोवती फिरते आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. जून ते सप्टेंबर कथाचित्रे, व्यंगचित्रे, मुखपृष्ठे यांची कामे एकदम येतात. पुण्यात गणेशोत्सवाचे दिवस यात येतात. पेठांतले रस्ते बंद होतात, कुरियर वेळेवर पोचेल याची खात्री राहत नाही आणि छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात. म्हणून संपादकांनी दिलेली तारीख कोणतीही असो, मी स्वतःची तारीख गणपतीच्या आधीची धरते. मुलांची पुस्तके आणि संस्थांची माहितीपत्रके वर्षभर थोडीथोडी असतात. मानधन बहुधा काम छापून गेल्यावर पुष्कळ उशिरा आणि टीडीएस कापून येते, तेव्हा त्याचा हिशेब, स्मरणपत्रे आणि बिले यांसाठी आठवड्यातली एक दुपार कायमची दिलेली आहे.

करार वाचणे हेदेखील चित्रकाराचेच काम आहे, असे मी नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ५७वे कलम कर्त्याचे नाव आणि कृतीची अखंडता यांना संरक्षण देते, आणि हे हक्क कॉपीराइट विकल्यावरही कर्त्याकडे राहतात. एका अंकाने एका कथाचित्रासाठी ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे वाक्य असलेला कागद पाठवला होता. मी ते वाक्य खोडून ‘या अंकातील एकवेळच्या प्रकाशनापुरते’ असे लिहिले आणि सही करून परत पाठवला. काही दिवसांनी तो तसाच मान्य होऊन आला. सगळीकडे असे होत नाही. काही कामे याच मुद्द्यावर सुटतात आणि त्या महिन्याची मिळकत कमी होते. तरीही कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे आज काढलेली व्यक्तिरेखा माझ्यामागेही कितीतरी वर्षे कुणाच्या तरी मालकीची असणार आहे, आणि ती कुणाच्या हे ठरवण्याची संधी सहीच्या त्या एका क्षणीच असते.

विक्रीबद्दल थोडक्यात सांगते. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, या दोन गोष्टी लहान प्रकाशकाला मोठा आधार आहेत. डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवामुळे शहरातले वाचक एका जागी भेटतात. २०११ साली दिल्लीत सुरू झालेल्या कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी स्वतंत्र चित्रकारांसाठी टेबले असतात. तिथे दिवसभर उभे राहणे दमवणारे असते. पण अमराठी वाचक मराठी पुस्तक उचलतो, अक्षरे न वाचता चित्रांवरून कथा समजून घेतो आणि विकतही घेतो, हे मी तिथे पाहिले आहे, आणि त्यामुळे आराखड्याच्या वेळी मी प्रत्येक पान आधी संवादांशिवाय वाचून पाहू लागले.

पुराचा मुख्य प्रसंग आता काढायचा आहे आणि तो तुकड्यांनी काढता येणार नाही. भिंतीवरची पाण्याची रेषा चौकटीगणिक चढत जाते, माणसांच्या अंगावरचे ओलेपण वाढत जाते, आणि मध्ये दोन आठवडे दुसरे काम केले की हाताचे वळण बदलते आणि रेषेचा जोर तुटतो. म्हणून या वर्षी दिवाळी अंकांपैकी ज्यांच्याशी जुना संबंध आहे त्यांचीच कामे घेतली आहेत, बाकीच्या संपादकांना पुढच्या वर्षासाठी आताच लिहून कळवले आहे आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने कोरडा कागद, शाई आणि ती पाने एवढ्यांसाठीच राखले आहेत. छापखान्यातही फेब्रुवारीतली तारीख सांगून ठेवली आहे.