सौभद्र पदवाचन : ‘नच सुंदरि करू कोपा’

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकातली पदं सूर बाजूला ठेवून नुसती वाचायची, हा उद्योग अजून चालू आहे. शंभरावर पदं आहेत, त्यामुळे घाई नाही. ‘पांडुनृपति’ आणि ‘लग्नाला जातो मी’ पटकन उरकली. ‘नच सुंदरि’पाशी मात्र मुक्काम पडला.

प्रसंग साधाच. रुक्मिणी रुसलीय आणि कृष्ण तिची समजूत काढतोय. ध्रुवपदात अगदी नम्र: रागावू नकोस, अनुकंपा धर. आणि लगेच पहिल्या कडव्यात गडी म्हणतो, ‘नारी मज बहु असती, परि प्रीती तुजवरती’! रुसलेल्या बायकोसमोर हे कोण बोलतं? चाल इतकी लाडिक की ऐकताना ही ओळ अलगद निसटते. कागदावर ती चांगलीच टोचते.

दुसऱ्या कडव्यात तर आरोपीच स्वतःची शिक्षा ठरवतो. हातांच्या पाशात बांध, केस धर, गालावर दातांचे व्रण उमटव. पुढची ‘कुचभल्ली’ तुम्हीच वाचा. वर साळसूदपणे ‘हाचि दंड योग्य असे सखये मत्पापा’. हवं तेच दंड म्हणून मागून घेतलंय लबाडाने! नाटक १८८२चं; तेव्हा रुक्मिणीच्या लुगड्यात पुरुष नटच उभा असायचा, हे आठवलं की आणखी गंमत वाटते.

ही कल्पना ओळखीची वाटली म्हणून ‘गीतगोविंद’ हे जयदेवाचं राधाकृष्णावरचं संस्कृत काव्य काढलं. एकोणिसाव्या अष्टपदीत, ‘वदसि यदि किंचिदपि’मध्ये, जयदेवाचा कृष्ण राधेला म्हणतो, ‘घटय भुजबन्धनं जनय रदखण्डनं’. करपाश आणि दंतव्रण इथूनच आले असावेत. पण जयदेव पुढे ‘येन वा भवति सुखजातम्’ म्हणून मोकळा होतो, सुखाचं नाव घेतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तो शब्द गाळला आणि शिक्षा, दंड, पाप एवढंच ठेवलं. मला किर्लोस्करांचं जास्त आवडलं. त्यांचा कृष्ण शेवटपर्यंत गंभीर चेहरा सोडत नाही, म्हणून खोडी रंगते.

त्यामुळे हे पद कळवळून गाणाऱ्यांशी माझं आता जमायचं नाही. ‘मत्पापा’वर गायकाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसायला हवं.

पुढे ‘प्रिये पहा’ घेतलंय. गार वारा, मंदावलेले दिवे, पाखरांचा आवाज इथवर वाट सरळ आहे. ‘सुखदुःखा विसरुनिया’ या कडव्याचा अन्वय कुणी लावला असेल तर जरूर सांगा.