फोर्टी-फाइव्ह की नाइन?

अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, पण शूटिंग रेंजवर पाय ठेवला तो परवाच. ऑफिसातल्या सहकाऱ्याने आधी माझ्या तळहातावर दोन काडतुसं ठेवली. एक नाइन एमएम, दुसरं फोर्टी-फाइव्ह, म्हणजे .४५ इंचाचं. दुसरं चांगलंच जाडजूड: गोळीचा व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर, वजन २३० ग्रेन, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. नाइनची गोळी जेमतेम निम्म्या वजनाची, पण वेगाला सरस. ‘स्टॉपिंग पॉवर, म्हणजे समोरच्याला जागीच रोखण्याची ताकद, कुणाची जास्त?’ हा इथला न मिटणारा वाद.

वाद जुना आहे. फिलिपिन्समध्ये मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम, लढवय्ये .३८च्या गोळ्या खाऊनही अंगावर येतात, अशी अमेरिकी सैन्याची तक्रार होती. म्हणून १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडल्या. माणसांची टांगलेली प्रेतं गोळी लागल्यावर किती झुलतात, तेही पाहिलं. वाचतानाच अंगावर काटा येतो. निकाल काही एकमेकांशी धड जुळत नव्हते, तरी निष्कर्ष ठाम निघाला: .४५पेक्षा लहान नको. त्यातूनच १९११चं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल सैन्यात आलं आणि १९८५ साली नाइन एमएम बेरेटा येईपर्यंत टिकलं.

पुढच्याच वर्षी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाच्या दंडातून आरपार गेलेली नाइनची गोळी छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच अडकली. तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. खापर गोळीवर फुटलं. मग मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर मोजमाप सुरू झालं: गोळी निदान १२ इंच आत जावी, १८ च्या पुढे नको. आधी टेन एमएम आलं, त्याचा हाताला बसणारा धक्का अनेकांना झेपेना, मग १९९० मध्ये .४० आलं. आणि इतकं सगळं करून २०१० नंतरच्या दशकात एफबीआय परत नाइनवरच! मधल्या काळात गोळ्यांची बनावट सुधारली होती, मॅगझिनमध्ये जास्त बसत होत्या आणि नेम चांगला लागत होता.

सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून मागे पडतो, ते निव्वळ थोतांड. गोळीत तेवढा जोर असता, तर झाडणाराही तसाच उडाला असता. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत घोकलाय आपण. मेंदूला किंवा मणक्याला लागली तरच माणूस हमखास जागच्या जागी कोसळतो. हृदय फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो.

नेमाचं म्हणाल, तर माझा कागदच बघा. नाइनच्या पाचही गोळ्या पंजाएवढ्या जागेत. फोर्टी-फाइव्हची पहिली बरी लागली. दुसरीच्या वेळी मी धक्क्याच्या धास्तीने आधीच मनगट आवळलं आणि ती खाली, कागदाच्या कडेला.

सहकाऱ्याला हे सगळं तोंडपाठ आहे. स्वतःचं पिस्तूल मात्र फोर्टी-फाइव्हच. आजोबांचं आहे म्हणे.