बिनफ्रीव्हीलची सायकल आणि थंडीतला सराव

जुन्या रोडस्टरच्या (साध्या काळ्या दणकट सायकलीच्या) सांगाड्यावर बांधलेली फिक्स्ड गिअर, म्हणजे मागचे दातेचाक चाकाला घट्ट जोडलेली सायकल घेऊन आज देवळीहून वर्ध्याला कामावर गेलो. या सांगाड्यात मागचे चाक आडव्या खाचेत पुढेमागे सरकवता येते, त्यामुळे डिरेलर (गिअर बदलताना चेन एका दातेचाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नसतानाही चेन नेमकी ताणता येते. गिअरच्या नव्या सायकलींत ही सोय सहसा नसते. पुढे ४६ आणि मागे १७ दाते ठेवले आहेत. ४८ ला १६ ही जोडी मुद्दाम टाळली, कारण तिथे भागाकार पूर्ण येतो आणि एकच पाय पुढे ठेवून चाक घसरवत थांबल्यास टायर दर वेळी त्याच जागी झिजतो. मागचे दातेचाक सैल होऊ न देणारी, उलट आट्यांची कडी म्हणजे लॉकरिंग पाहून गावातले सायकल मिस्त्री मात्र भलतेच खूश झाले.

फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग, नसल्यामुळे चाक फिरते तोवर पाय फिरतात, उतारावरसुद्धा विसावा नाही. थंडीत अंग तापते ठेवायला आणि पाय एका लयीत फिरवायची सवय लागायला हेच उपयोगी पडते. वाटेत कापसाने भरलेली बंडी अचानक आडवी आली, तेव्हा पायांनी उलटा जोर दिला खरा, पण सायकल थांबली ती पुढच्या ब्रेकमुळे. ब्रेक काढून टाकण्याची शहरी हौस आमच्या रस्त्यांवर मला तरी निव्वळ वेडेपणा वाटते.

तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत स्पर्धकांना डिरेलरची परवानगी १९३७ साली मिळाली. त्याआधी ते मागचे चाक काढून, उलटे बसवून दुसऱ्या बाजूचे दाते वापरत. तरीही चिखलदऱ्याचा घाट या सायकलीवर चढण्याचा माझा आग्रह नाही. परतताना समोरचा वारा जड जातो, म्हणून कुणाकडे १८ दातांचे ट्रॅक स्प्रॉकेट (फिक्स्ड गिअरचे मागचे दातेचाक) पडून असल्यास कृपया कळवावे.