तिसरे घड्याळ

माझ्या टेबलावर जाडजूड डायरीएवढा एक धातूचा डबा गेली दोन वर्षे अहोरात्र चालू आहे. तो रुबिडियम ऑसिलेटर आहे, म्हणजे रुबिडियम धातूच्या अणूंच्या आधाराने अचूक वारंवारता (दर सेकंदाची कंपने) देणारे छोटे अणुघड्याळ. दूरसंचार यंत्रणा मोडीत निघाल्या की त्यांतले असे भाग जुन्या बाजारात येतात आणि वेळ व वारंवारता मोजण्याचा नाद लागलेली माणसे ते घेऊन जातात. माझा डबा २४ व्होल्टवर चालतो, पहिली काही मिनिटे भरपूर करंट ओढतो आणि आतला दिवा व काचेची कुपी पुरेशी तापली की ‘लॉक’ झाल्याची खूण देऊन शांत होतो. तो जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा लागतो, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने खराब होतो.

आत घडते ते असे. रुबिडियमच्या दिव्याचा प्रकाश रुबिडियमची वाफ भरलेल्या कुपीतून पलीकडच्या प्रकाश-संवेदकावर पडत असतो. विजेवर ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलची वारंवारता वाढवून सुमारे ६,८३४.६८ मेगाहर्ट्झवर नेतात आणि त्या लहरी कुपीत सोडतात. ही वारंवारता अणूच्या स्वतःच्या वारंवारतेशी नेमकी जुळली, की वाफ थोडा जास्त प्रकाश शोषते आणि संवेदकावरचा उजेड किंचित कमी होतो. तो किंचित अंधार सतत शोधत राहायचा आणि क्रिस्टलला तिथेच धरून ठेवायचे, एवढेच काम ते सर्किट करते. बाहेर मिळतात ते स्वच्छ १० मेगाहर्ट्झ.

मात्र रुबिडियम म्हणजे सीझियम नव्हे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे. रुबिडियमच्या कुपीत वाफेबरोबर दुसरे वायूही भरलेले असतात, त्यांच्यामुळे वारंवारता थोडी सरकते आणि कुपी जुनी होत जाते तसे हे सरकणेही सावकाश बदलते. म्हणून रुबिडियमला अधूनमधून कुणीतरी बरोबर काय ते सांगावे लागते. घरी बसून हे काम जीपीएसकडून करून घेता येते, कारण प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे असतात आणि त्यांच्यावर जमिनीवरून सतत लक्ष ठेवलेले असते. रिसीव्हरने दर सेकंदाला दिलेला एकेक ठोका काही दहा नॅनोसेकंदांनी मागेपुढे होत असतो, पण दिवसभराची सरासरी फार भरवशाची असते. आपल्याकडे घटिकापात्राने घटका मोजत तेव्हाही व्यवस्था अशीच होती: २४ मिनिटांची घटका पाण्यावर ठेवलेल्या पात्राने मोजायची आणि दिवसाचा आरंभ मात्र सूर्योदयावरून धरायचा.

रुबिडियम आणि जीपीएस यांची तुलना करायला महाग यंत्र लागत नाही, ही गोष्ट मला अजूनही फार मोलाची वाटते. साध्या ऑसिलोस्कोपला, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, जीपीएसवर बांधलेल्या ऑसिलेटरचा ट्रिगर (लहर कधी काढायला सुरुवात करायची ती खूण) द्यायचा आणि पडद्यावर रुबिडियमची लहर पाहायची. लहर थांबलेली दिसते. चहा करून परत यावे, तर ती एखाद्या रेघेने डावीकडे सरकलेली असते. १० मेगाहर्ट्झच्या एका पूर्ण लहरीला १०० नॅनोसेकंद लागतात. माझी लहर सुरुवातीला साधारण ५० मिनिटांत एक पूर्ण लहर सरकत होती, म्हणजे ३,००० सेकंदांत १०० नॅनोसेकंद; या दराने एका सेकंदाची चूक साचायला सुमारे हजार वर्षे लागतील. डब्यावरच्या बारीक छिद्रातला स्क्रू केसभर फिरवला की आतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि लहरीचा सरकण्याचा वेग कमी होतो. नंतर पुढचे कित्येक तास नुसते पाहत राहावे लागते, कारण या कामात घाईने काढलेला प्रत्येक आकडा खोटा निघतो.

पुढे मी कालांतर मोजणारा जुना काउंटर घेतला आणि दोघांतला फरक रात्रंदिवस नोंदवू लागलो. आलेखात एक लाट दिसली, काही दहा नॅनोसेकंदांची, रोज येणारी. माझा संशय अर्थातच उन्हावर गेला, कारण खोली पश्चिमेची आहे. मी रुबिडियमवर वारा लागू नये म्हणून खोके ठेवले, पंख्याची जागा बदलली, पडदे लावले. लाट जशीच्या तशी राहिली. इथेच कळले की दोन घड्याळे फक्त फरक सांगतात. त्यांतले चुकीचे कोणते, हे त्या दोघांना विचारून कधीच समजत नाही.

मित्राकडून दुसरा रुबिडियम महिनाभरासाठी आणला आणि मुद्दाम वेगळ्या खोलीत ठेवला. आता तीन जोड्या झाल्या. दोन रुबिडियमच्या आपसांतल्या फरकात लाट नव्हती. जीपीएसबरोबरच्या दोन्ही जोड्यांत ती होती. म्हणजे ज्याला मी आधार मानत होतो, तोच हलत होता. तोवर साठलेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी मग एकाखाली एक लावून पाहिल्या, तेव्हा कारणही मिळाले. लाट रोज सुमारे ४ मिनिटे आधी येत होती आणि पंधरवड्यात तासभर पुढे सरकली होती. ऊन असे वागत नाही. जीपीएसचे उपग्रह मात्र आकाशात पुन्हा त्याच जागी सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी येतात. माझा अँटेना खिडकीच्या गजाला बांधलेला होता, त्याला अर्धेच आकाश दिसत होते आणि समोरच्या इमारतीवर आपटून आलेले सिग्नलही तो घेत होता. उपग्रह त्याच जागी आले की रोज तीच चूक होत होती.

अँटेना गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्याही वर पाइपावर नेला. त्यासाठी लागलेली २५ मीटर केबल सिग्नलला सुमारे १२५ नॅनोसेकंद उशीर करते. तो आकडा रिसीव्हरमध्ये भरून टाकला, जरी वारंवारतेच्या दृष्टीने स्थिर उशिराने काहीच बिघडत नाही. लाट एकतृतीयांशावर आली.

जी उरली आहे ती ४ मिनिटांनी सरकत नाही. ती रोज दुपारी येते आणि रात्री ओसरते. ही बहुधा आयनांबराची, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित कणांच्या वरच्या थराची, करामत आहे: दुपारी ते दाट होते, सिग्नलला उशीर होतो, आणि एकाच वारंवारतेवर ऐकणारा माझा रिसीव्हर ठरावीक सूत्राने त्यातला काही भागच वजा करू शकतो. दोन वारंवारतांवर ऐकणाऱ्या रिसीव्हरला तो उशीर थेट मोजता येतो. तसा एक मागवला आहे. तो येईपर्यंत मित्राचा रुबिडियम परत मागू नये, अशी मी त्याला विनंती केली आहे.