बेळगाव भोवतालचे डोंगर : नोंद चौथी, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून

मागच्या नोंदीतला तक्ता मी पुसला. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर डोंगरांचे वर्ग पाडले होते, ते आपल्या भागात चालत नाहीत. बेळगाव शहरच मुळात साधारण ७५० मीटरवर, म्हणजे अडीच हजार फुटांच्या आसपास. त्यामुळे कुठल्याही टेकडीपुढे "उंची अडीच हजार फूट" लिहिलं, तरी तो आकडा गावातल्या गणपत गल्लीलाही लागू पडतो!

आता रकाना धरलाय तो उठावाचा. शिखरावरून निघून त्याहून उंच शिखराकडे जायचं, तर वाटेत कमीत कमी किती उतरावं लागतं, तो आकडा. ती सर्वांत चढी खिंड सापडली की निम्मं काम झालं. उठाव ६० मीटरच्या आत असेल तर मी त्याला स्वतंत्र डोंगर मानत नाही, सोंड किंवा टेक म्हणतो. ६०च का? माझ्या मोजमापातली चूक त्यापुढे किरकोळ असते म्हणून. निदान मला तसं वाटत होतं.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर ते वाटणं उतरलं. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळ सकाळी दहाला बेळगाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरच्या उंचीला लावलं आणि निघालो. गडावर सिद्धेश्वराच्या देवळापाशी वाचन घेतलं, रेंगाळलो, दुपारी चारला परत त्याच पाटीखाली. तर स्टेशन सकाळपेक्षा २६ मीटर वर गेलेलं. घड्याळ बिघडलं नव्हतं. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढा आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि दाब उतरला की घड्याळाला वाटतं आपण वर चढलो. या उंचीवर दाबातला एक हेक्टोपास्कलचा (दाब मोजायचं एकक) फरक म्हणजे जवळपास नऊ मीटर. वळवाचे ढग जमत होते, त्यांनीही हातभार लावला असेल. तेव्हा येळ्ळूरचा आकडा रद्द. पुढच्या वेळी एक घड्याळ पायथ्याला ठेवणार, दुसरं वर नेणार.

गडाखाली शेतात भेटलेल्या आजोबांना मात्र असल्या भानगडीची गरज नव्हती. "ह्यो डोंगर न्हवं ओ, गड हाय. डोंगर तिकडं, वैजनाथाचा." तटबंदी असेल तो गड, गुरं चरतात तो माळ, बाकीचा डोंगर. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांचं वर्गीकरण जास्त टिकाऊ आहे.

दुसरा रकाना दगडाचा. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आपल्याच भागात दक्षिणेकडे संपत येतो. पश्चिमेला, चंदगड-खानापूरकडे, त्यावर जांभ्याची टोपी असते, म्हणून माथा टोकदार नसून सपाट, म्हणजे सडा. चंदगडच्या सड्यांत बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, मिळतं ते यामुळेच. पूर्वेला गोकाककडे गेलं की गोष्टच बदलते. तिथला कलादगी वालुकाश्म काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना आहे. काही थरांवर पाण्याच्या लाटांचे वळ अजून दिसतात, आणि त्याच कठीण थरांवरून घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते. दोन्हीकडच्या टेकड्यांना एकाच रांगेत बसवणं चुकीचं होतं, ते आता वेगळे गट केलेत.

तिसऱ्या रकान्यात पाणी कुठं जातं ते. कणकुंबीला हा रकाना भरताना गंमत येते. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र गोव्यातून अरबी समुद्राला. मधली धार बेळगावच्या बाजूने बघितली तर चढण लागल्याचंही कळत नाही. चोर्ला घाटाने खाली उतरून मागं वळून बघा, मग कळतं आपण कशावर उभे होतो.

अडलंय ते वैजनाथ आणि महिपालगडापाशी. देवरवाडीवरून वर जाताना देऊळ आणि गड एकाच डोंगराचे वाटतात, पण नकाशावर मधली खिंड किती खोल ते नीट कळत नाही. उपग्रहाची रडार-उंची झाडांच्या शेंड्यांनाही जमीन समजते, आणि तिथं झाडी दाट आहे. दिवाळीनंतर गवत वाळलं की ती खिंड पायी मोजायची आहे. दुसरं घड्याळ कुणाकडे असेल तर सोबत या.