आमची वाटचाल : चार मिलिमीटर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या चष्म्याच्या कारखान्यात काच घासायचं जुनं दगडी चाक अजून जागेवर आहे. काम आता डायमंड चाकावर, सीआर-३९ या प्लास्टिकच्या भिंगांवर चालतं. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते शाळांच्या चष्म्यांचं.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यात शाळकरी मुलांना चष्मा फुकट मिळतो. तपासणीचं तंत्र अवघड नाही. मास्तर सहा मीटरवर तक्ता लावून मुलं निवडतात, नंबर नंतर तंत्रज्ञ काढतो. गाडी अडते ती पुढे. कुही-भिवापूरच्या पोराचा चष्मा नागपुरात बनतो आणि तो नाकावर नीट बसला का, हे बघायला कुणी जात नाही.

हे चष्मे बनवायच्या कामासाठी आम्हीही दर दिला. तो चढा होता, कारण प्रत्येक मुलाची पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजणं आणि वाटपाला माणूस पाठवणं त्यात धरलं होतं. काम स्वस्तवाल्याला गेलं. त्यानं सरसकट ६२ मिलिमीटर पीडी धरून भिंगं बसवली. लहान मुलाची पीडी ५४ च्या आसपास, म्हणजे प्रत्येक डोळ्याला भिंगाचं केंद्र बाहुलीपासून चार मिलिमीटर बाहेर. नंबर उणे चार असेल तर ०.४ सेंटिमीटर गुणिले ४, एका डोळ्यात १.६ प्रिझम, दोन्हींत मिळून ३.२. प्रिझम म्हणजे भिंग समोरचं चित्र किती बाजूला सरकवतं त्याचं माप. डोळे बाहेर ताणावे लागतात, डोकं दुखतं, चष्मा दप्तरात जातो. वर बोल पोरांनाच, घालतच नाहीत म्हणून! आम्ही मात्र त्या कामाच्या भरवशावर कर्ज काढून ऑटो एजर, म्हणजे भिंग फ्रेमच्या आकारात कापायचं यंत्र, घेऊन बसलो होतो. हप्ते थकले, दोन कारागीर सोडून गेले, शटर पाडायचंच बाकी होतं.

सावरलं ते इतवारीच्या सराफ्यानं. तिथला साठीचा एक कारागीर तयार अडीचचा चष्मा घेऊन आला. ‘भाऊ, तार धूसर दिसून राहिली.’ लांबचा नंबर शून्य. अडीच नंबर ४० सेंटिमीटरसाठी असतो. हा माणूस तार धरतो २५ वर, तिथे चार लागतात. टेपनं अंतर मोजून चष्मा दिला. मग सगळी गल्ली त्यानंच आणली, आजही तोच आणतो. शिंपी असो की सोनार, जवळचा नंबर काढताना हातातलं काम आधी मोजा.

सिलिंडरचा (तिरकस दिसण्यावरचा) नंबर असेल तर लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर मोजायच्या यंत्रावर, ॲक्सिस (त्या नंबराचा कोन) तपासून घ्या. दहा अंश चुकले तर सुमारे एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. आणि मे महिन्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात भिंग फुगतं, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, जाळीसारखे तडे जातात. मग भांडण दुकानदाराशी.

शाळांच्या त्या वाटपातले चष्मे अधूनमधून अजून येतात. भिंगाला कडेनं जागा उरली असेल तर केंद्र नव्यानं आखून लहान फ्रेममध्ये बसवून देतो. बहुतेकदा जागा उरलेली नसते.